बाई, तुमचा टाक

बाई, तुमचा टाक करायला मी बारामतीच्या सोनाराकडे चांदी देऊन आले आहे. पुढच्या बाजारी तयार होईल म्हणाला. हे तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहायला बसले. तुमच्याशी चोरटेपणा मी पुष्कळ केला. आता तुम्ही गेलात, आता तरी सांगून करावं.

तुमचा दहावा झाला नाही, तेरावा झाला नाही. तुमच्यात नसतो म्हणे. तुमच्या भाच्याने प्रार्थना केली, फुलं वाहिली आणि सगळे चहा पिऊन गेले. मला काही सुचेना. आमच्याकडे माणूस गेलं की काय करायचं ते ठरलेलं असतं, हात रिकामे राहत नाहीत. कावळा शिवायची वाट बघायची, जेवण घालायचं, आणि शेवटी चांदीच्या पत्र्यावर त्या माणसाचा आकार ठोकून घ्यायचा. तोच टाक. तो देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी बसवला की माणूस घरचं झालं, मग ते कुठं भटकत नाही. तुमच्यासाठी मला काहीच करायला मिळालं नाही. तेराव्या दिवशी मी माझी जुनी जोडवी पदराला बांधली आणि सणसरच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसले. घरी सांगितलं, बांगड्या भरायला चालले.

सोनारकाकांनी जोडवी तळहातावर घेऊन विचारलं, "कुणाचा टाक?"

"एका बाईंचा."

"सासू व्हय?"

"न्हाय. शाळंतल्या बाई होत्या."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इतकी वर्सं टाक ठोकतोय, मास्तरणीचा टाक कुणी मागितला न्हाय. सवाष्ण गेल्या का विधवा?"

"लगीनच केलं न्हवतं."

"मग कपाळाला कुंकू काढू का नको?"

"नको."

"आडनाव काय?"

"साळवे."

त्यांनी जोडवी तराजूत टाकली. मग हळूच म्हणाले, "किरिस्ताव का?"

"व्हय."

"त्यांच्यात चालतं का हे?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

बाई, हे खोटं होतं. बारामती-इंदापूरच्या सगळ्या बायकांत हे कुणाला ठाऊक असेल तर मला आहे. चार वर्षं तुमचं पुस्तक मीच तर वाचत होते.

तुम्ही मला वाचायला बसवलंत तो दिवस आठवतो. मी तुम्हाला म्हशीचं दूध घालायला यायची. शाळेमागच्या त्या खोलीत तुम्ही टेबलावर जाड काळं पुस्तक उघडून, त्यावर भिंग धरून बसला होतात. मोतीबिंदू इतका पिकला होता की भिंगाचा काही उपयोग होत नव्हता. तुम्ही म्हणालात, "हिरा, तुला वाचता येतं ना गं?"

मी म्हणाले, "चौथीपर्यंतच."

"यातले राजे तेवढेही शिकले नसतील. बस."

मी बसले. घरात मी मोठ्याने बोललेलं कुणाला आठवत नसेल. बाप्यांपुढं तर नाहीच. तुमच्या खोलीत पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच परका वाटला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मी अडखळले की म्हणायचात, "हं. पुढं." हसला नाहीत, घाई केली नाहीत. तेवढ्यासाठी मी दुसऱ्या दिवशी दूध अर्धा तास लवकर काढलं.

तुम्हाला राजांचा भाग आवडायचा. दुसरं काही वाचू का विचारलं तर म्हणायचात, "नको. राजांचंच वाच. यात कुणालाही सोडलेलं नाही." खरंच सोडलेलं नव्हतं. एक राजा मरायचा, मुलगा गादीवर बसायचा, तोही बापासारखाच वाईट निघायचा, टेकडीवर आणि हिरव्या झाडाखाली देव मांडायचा, लोकांना त्यांच्यापुढं वाकवायचा. मग परत तेच. मला ती माणसं ओळखीची वाटली. मेंढरं, विहिरी, पाण्यावरून भांडणं. शेळगावला माझ्या आजोबांपर्यंत आमच्याकडेही मेंढरंच होती. आणि हिरव्या झाडाखालचा देव म्हणजे तर आमच्या बांधावरचा म्हसोबा. तिथं मी दर अमावस्येला नारळ फोडते.

तिथंच मला पहिल्यांदा शंका आली. एवढ्या जाड पुस्तकातलं हेच का? मलाच का?

सासूबाई आधीपासून म्हणत होत्या. "हिरे, ती बाई तुला फुकाट वाचाय लावत न्हाय. हळूहळू बाटवंल. एक दिवस तू माझं देव उकिरड्यावर टाकशील."

"त्या तसं काय बोलत न्हाईत."

"बोलत न्हाईत, तेच वंगाळ. बोलणाऱ्याचं कळतं तरी."

मग तुमचा हात माझ्या गळ्यावर आला तो दिवस. मी दूध ओतायला वाकले होते, तुम्ही पातेलं चाचपत होतात आणि बोटांना मंगळसूत्राशेजारचा चांदीचा तुकडा लागला. तुम्ही तो धरलात. अंगठ्याने त्याच्यावरून हळू फिरवत म्हणालात, "ही कोण?"

"माझी सवत."

तुम्ही हात काढला नाहीत. मी सांगितलं, की माझ्याआधी ह्यांची एक बायको होती, सुभद्रा. पहिलटकरीण गेली. दुसरी करून आणतात तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात, म्हणजे ती रागावत नाही. सणाला नवी साडी आली तर आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची. रोज तिला कुंकू लावते, मग मला.

"तिला बोलतेस का कधी?"

"बोलती की. सगळं तिलाच सांगती."

"ती उलट बोलते?"

"न्हाय."

"म्हणून आवडते तुला," तुम्ही म्हणालात.

ते मला लागलं. मी म्हणाले, "तुमचा देव तरी कुठं बोलतोय?"

"बोलतो गं. फार बोलतो. तेच तर वाचतेयस तू."

तुम्ही हसलात, मी हसले नाही. त्या दिवसापासून मी वाट बघत राहिले की आता तुम्ही म्हणाल, काढ ते गळ्यातलं. आज म्हणाल, उद्या म्हणाल. ते ऐकलं की उठून जायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मला वाटायचं, ह्या माझ्याच तोंडून वदवून घेणार. पुस्तक माझ्या हातात देण्यामागं तेच आहे.

म्हणून मी फिरवायला लागले.

आता लिहूनच टाकते. आधी एखादी ओळ गाळायची. मूर्ती म्हणजे नुसतं लाकूड आणि दगड, असं कुठं आलं की माझी जीभ उचलायची नाही. गळ्यात सुभद्रा ऐकतेय आणि मी हे कसं म्हणू? मग गाळून भागेना, कारण पुढचं जुळायचं नाही, म्हणून घरचं घालायला लागले. तो चांगला राजा होता ना, योशीया, त्याने मूर्ती फोडून जाळून त्यांचा भुगा केला आणि भुगा थडग्यांवर फेकला. मी वाचलं, "राजाने सगळ्या मूर्ती काढून व्यवस्थित बाजूला ठेवल्या." तुम्ही म्हणालात, "हं. पुढं."

आणि ते खोट्या देवाचे पुजारी, ज्यांना ओढ्यावर नेऊन मारलं. इतकी माणसं. मला ते सोसेना. मी वाचलं, "मग त्या पुजाऱ्यांना ओढ्यापर्यंत नेऊन घरी पाठवलं."

तुम्ही म्हणालात, "घरी पाठवलं? बरं केलं."

मी मान वर करून बघितलं. तुमचा चेहरा नेहमीसारखा. पण तेव्हापासून मी तुमच्या ओठांकडे बघायला लागले. वाचताना तुमचे ओठ माझ्याबरोबर हलायचे, अगदी थोडे, आजारी माणूस झोपेत बोलतो तसे. माझ्या घरच्या ओळींना ते थांबायचे. मला तसं वाटायचं. कधी वाटायचं, हा मनाचा खेळ आहे. घरी जाऊन सुभद्रेला विचारायची, त्यांना कळलं असंल का गं? ती काय सांगणार.

तरी मी येत राहिले. का, ते आता कळतं. अहाब राजाची गोष्ट वाचली तो दिवस घ्या. त्याला शेजाऱ्याचा द्राक्षमळा हवा होता, शेजारी म्हणाला, वाडवडिलांचा आहे, देणार नाही. तर हा राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला, जेवेना. मला हसू आवरेना. तुम्ही विचारलंत काय झालं. मी म्हणाले, "आमचं मालकबी असंच. चुलतभावानं बांधाकडंची पट्टी दिली न्हाय तवा दोन दिस भिंतीला तोंड करून व्हतं."

"आणि तू काय केलंस?"

"म्या भाकरी नेऊन ठिवली."

"ईजबेल राणीसारखं नाही केलंस ते. तिने शेजाऱ्यावर खोटा आळ घेऊन त्याला दगडांनी मारवलं. पुढं वाच, येईल."

ते पुढं वाचताना मी अडखळले. कारण मीही ह्यांना म्हणाले होते, तलाठ्याला भेटा, चुलतभावाच्या सातबाऱ्यात काही खोट निघते का बघा. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ह्यांना तेही ठाऊक आहे. मनात चाललेलं ओळखायची तुमची ती रीत मला भिववायची. पण बाई, घरी कुणी मला विचारलंच नव्हतं, आणि तू काय केलंस म्हणून. मीच मला विचारलं ते तुमच्या खोलीत.

मग तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला. मी धास्तावले होते. आता ह्या स्वतः वाचतील, माझं काम संपलं, आणि माझी चोरीही सापडेल. तुम्ही म्हणालात, "अजून धूसरच आहे गं. तूच वाच." मी इतकी सुखावले की शंका घ्यायचं विसरले.

एक दिवस मी तुमच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. तुम्ही आत कॉटवर. बोलता बोलता म्हणालात, "तो एक खडा राहिला बघ, कडेला."

मी खडा उचलला, फेकला. मग हात थांबला. कॉटपासून दारापर्यंत पाच-सहा पावलं. तांदळातला पांढरा खडा.

चूल पेटवून भात टाकला आणि घरी आले. वाटेत एकच डोक्यात होतं. ह्यांना दिसतंय. कधीपासून? मी घरी पाठवलेले पुजारी, मी बाजूला ठेवलेल्या मूर्ती, सगळं समोर उघडं होतं आणि ह्या माझ्या चौथीच्या वाचनाचा तमाशा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बसले आणि पानावर होतं तसं वाचलं. मनश्शे राजाचं होतं. त्याने देवळातच कोरलेली मूर्ती बसवली, पोटच्या पोराला आगीतून चालवलं. सगळं वाचलं. मूर्तींना दिलेल्या शिव्या तर एकेक शब्द दाबून वाचला, गळ्यातला टाक मुठीत धरून. माझा आवाज पार शाळेपर्यंत गेला असेल.

तुम्ही चष्मा काढलात. "आज काय झालं, हिरा?"

"काय न्हाय. हाय तसं वाचतीय."

तुम्ही चष्मा पदराने पुसलात. मग म्हणालात, "कालच्यासारखं वाच ना."

मी पुस्तक मिटलं. घरी उसाची लागण आहे म्हणाले आणि उठले. लागण होतीच, पण महिनाभर दूध थोरल्या जावेच्या हाती पाठवायचं कारण ते नव्हतं. तिला दोनदा निरोप दिलात, हिराला पाठव. मी गेले नाही. तुम्ही मला हसत होतात असं मी धरून बसले होते. चोरी माझी आणि राग पण माझाच.

तेवढ्यात तुमचा श्वास कोंडायला लागला आणि भाच्याने तुम्हाला बारामतीला दवाखान्यात नेलं. मी आले तेव्हा खाटेभोवती चर्चमधल्या बायका होत्या, कुणी गात होतं, कुणी पाय चेपत होतं. मी पायापाशी उभी राहिले. तुम्ही हाताने जवळ बोलावलंत, वाकले तर बोटं नेहमीसारखी गळ्याशी गेली आणि टाक लागला.

"हिलाही आणलंस?" तुम्ही म्हणालात.

मी मान हलवली. त्या बायका बघत होत्या. विचारायचं होतं ते तसंच राहिलं. पाणी पाजलं आणि निघाले. पुन्हा भेट नाही.

तुमच्या मातीला मी चर्चच्या दाराबाहेर उभी होते. सगळं उरकल्यावर तुमचा भाचा शोधत आला. हात जोडून म्हणाला, "हिराबाई तुम्हीच ना? आत्या फार नाव काढायची तुमचं. म्हणायची, हिरा वाचते तसं आमच्या पुस्तकातसुद्धा नाही."

त्याने ते कौतुक म्हणून सांगितलं. आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. मी मात्र तिथल्या पायरीवर बसले.

म्हणजे तुम्हाला कळत होतं. पहिल्यापासून. ऑपरेशन तर नंतर झालं, त्याआधीपासूनच तुम्हाला ते पाठ होतं. मग थांबवलं का नाही? मी किती तऱ्हा करून बघते. माझी गंमत करत होतात? की मी खोटं वाचून वाचून एक दिवस आपणच थकेन आणि कबूल करेन म्हणून गळ टाकून बसला होतात? की टोकलं तर ही बाई उद्यापासून यायची नाही, ही भीती तुम्हालाही होती, मला होती तशी? की त्या पुजाऱ्यांना घरी पाठवलेलं तुम्हाला खरंच बरं वाटलं? यातलं शेवटचं मला हवं आहे. हवं आहे म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसत नाही.

आणि मी तुमचा टाक करायला टाकून आले.

वरचं लिहिलं त्याला चार दिवस झाले. आज बाजार होता. मी गेले होते.

सोनारकाकांनी कापडात गुंडाळलेला टाक पुढं केला. चांगला केला होता, कडेला नक्षी, पदर डोक्यावरून घेतलेली बाई, हात जोडलेले. मी खूप वेळ बघितला. तो चेहरा कुणाचाही होता. काकांकडे बायकांचा एकच ठसा, माझी सुभद्रा त्याच ठशाची असणार. डोक्यावरून पदर तर तुम्ही कधी घेतला नाहीत. हात जोडून उभ्या राहणाऱ्यातल्या तर तुम्ही नव्हतातच.

बघता बघता कळलं की मी काय करायला निघाले होते. हा टाक मी देव्हाऱ्यात ठेवला असता, रोज हळद वाहिली असती, आणि विचारलं असतं, बाई, माझ्यावर रागावला नाहीत ना? आणि चांदी गप्प राहिली असती. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला असता. पुस्तकाचं केलं तेच तुमचं. जे भिववतं ते गाळायचं, बाकीचं घरचं घालायचं.

"काका, मोडता का हा?"

"का? काय चुकलं?"

"तुमचं काय न्हाय चुकलं."

"टाक मोडत नसत्यात, बाई. पाण्यात सोडत्यात." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं असावं. "पूजा तर न्हाय केली अजून?"

"न्हाय."

"मग नुसती चांदीच हाय म्हणा," ते म्हणाले आणि भाता ओढायला लागले.

मुशीत टाकल्यावर आधी नक्षी गेली, मग पदर, मग हात. चेहरा शेवटपर्यंत होता. मी मान फिरवली नाही. गळ्यातली सुभद्रा गार लागत होती, तरी बघितलं. मग वाटाण्याएवढा चांदीचा गोळा झाला. काकांनी तो पाण्यात टाकून माझ्या हातावर ठेवला. काय करू याचं, त्यांनी विचारलं. असंच राहू द्या, मी म्हणाले.

सुभद्रेला मी काढलेलं नाही. ते तुम्ही म्हणाला नाहीत आणि मीही अजून म्हटलेलं नाही. तिची माझी गोष्ट वेगळी आहे. कधीतरी तिलाही विचारीन, तुला हितं राहायचंय का म्हणून.

घरी आले तर सासूबाईंना आधीच कळलं होतं. त्या काकांच्याच पेढीवर आमचे सगळे टाक झालेत, गावातलं कुणीतरी तिथं बसलेलं असतंच. ओसरीवर बसून वाती वळत होत्या. मला वाटलं, बोल लावतील. त्या उलट घाबरल्या होत्या.

"हिरे, करायला टाकला व्हतास, मोडलास कशाला? न्हाय केला तर एक येळ चालतं. करून मोडला म्हंजे त्या बाईला बोलवून हाकलल्यागत झालं. ज्याला जागा न्हाय ते माणूस येतं विचारायला. दारात येतंय, सपनात येतंय. सोडत न्हाय."

"ठाऊक हाय, आत्याबाई."

"मग भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं की."

"मग?"

मी आत गेले आणि दूध तापवायला ठेवलं.

बाई, तुम्हाला जागा नाही. देव्हाऱ्यात नाही, गळ्यात नाही. मी मुद्दाम ठेवली नाही. आमच्याकडचं खरं असेल तर तुम्ही याल, आणि तुमच्याकडचं खरं असेल तर येणार नाही. दोन्ही खरं असणं जमणार नाही, एवढं मलाही कळतं. पण मी दाराकडे तोंड करून बसते आहे. आलात तर तुमचं विचारणं नंतर. आधी मी विचारणार.